त्यांच्याबद्दल लिहिताना छेद विसरू नका

प्रश्न असा आहे: "आमचे सर तीन आठवड्यांपूर्वी गेले. चौतीस वर्षं त्यांनी साथरोग आणि लसीकरणाचं काम केलं. शोकसभेत मी बोलायचं ठरलंय, शिवाय संस्थेच्या अंकासाठी लेखही द्यायचा आहे. लिहायला बसले की 'निष्ठावान', 'तळमळीचे' यापुढे पेन सरकत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांबद्दल त्यांचे रुग्ण भरभरून बोलतात. सरांना तर रुग्णच नव्हते. त्यांच्या कपाटात साथींच्या जुन्या वह्या सापडल्या आहेत, त्यांचं काय करावं हेही कळत नाही."

तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. या क्षेत्रात चार दशकं काढली, त्यात बरोबरीचे आणि वडीलधारे असे अनेक जण गेले. त्यातल्या काहींवर लिहिण्याची वेळ माझ्यावर आली. पहिला लेख फार वाईट झाला होता. तो का वाईट झाला हे सांगितलं तर तुमच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यातच मिळतील, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तो लेख माझ्या वरिष्ठ सहकारी मॅडमवर होता. साथरोगशास्त्र मी पुस्तकातून शिकलो, पण साथ कशी शोधायची हे त्यांच्या मागे मागे फिरून शिकलो. त्या गेल्या त्या रात्री मी एका बैठकीत चार पानं लिहून काढली. त्यात एक वाक्य होतं: 'त्यांनी लाखो मुलांचे प्राण वाचवले.' सकाळी वाचायला घेतलं आणि त्या वाक्यापाशी अडकलो. कारण मॅडम असत्या तर त्यांनी तिथेच पेन्सिल टेकवून विचारलं असतं, "छेद कुठाय?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. कोणी आढावा बैठकीत सांगितलं की गोवराचे चाळीस रुग्ण सापडले, की त्या विचारायच्या, "कितीपैकी?" अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. त्यांचं म्हणणं असं, की अंश सगळे आणतात, कारण तो समोर दिसतो. आजारी पडलेला माणूस दिसतो, खाट दिसते. छेद मात्र उन्हातान्हात दारोदार फिरून मोजावा लागतो. आजारी न पडलेली माणसं आपणहून नोंद करायला येत नाहीत.

नव्या मुलांना शिकवताना त्या फळ्यावर एक गणित मांडायच्या. समजा, एका वसाहतीत 1000 मुलं आहेत. 900 जणांना लस मिळाली आहे, 100 जणांना नाही. लस शंभरातल्या नव्वद जणांना संरक्षण देते असं धरू. आता गोवर शिरला आणि सगळ्यांपर्यंत पोहोचला. लस न घेतलेली 100 च्या 100 आजारी पडली, लस घेतलेल्यांपैकी 90. एकूण रुग्ण 190. कोणीतरी मोठ्याने म्हणतो, "निम्म्या रुग्णांनी तर लस घेतली होती, मग लसीचा उपयोग काय?" मॅडम खडू खाली ठेवायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. वर्गातल्या कोणाच्या तरी लक्षात यायचं की 90 च्या खाली 900 लिहायचे आहेत आणि 100 च्या खाली 100. एकीकडे शंभरात दहा, दुसरीकडे शंभरात शंभर. आणि ती जी 810 मुलं लस घेऊन त्या साथीत धडधाकट राहिली, त्यांच्याबद्दल वर्गात कोणीही एक शब्द बोललेलं नसायचं. "माझं सगळं काम त्या आठशे दहांत आहे," असं त्या म्हणायच्या.

तुम्ही लिहिलंत की सरांना रुग्ण नव्हते. त्यांची माणसं त्या आठशे दहांत होती. ती शोकसभेला येणार नाहीत. आपल्याला काही होणार होतं आणि ते टळलं, हे त्यांना ठाऊकच नाही. जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने 1980 च्या दशकात 'प्रतिबंधाचा विरोधाभास' मांडला: जो उपाय समाजाला भरपूर देतो, तो त्यातल्या एकेका माणसाला फार थोडं देतो. आभार मानायला माणूस उरत नाही, त्याचं मूळ इथे आहे. त्यामुळे सरांबद्दल बोलताना 'वाचलेला रुग्ण' शोधत बसू नका. सापडणार नाही, आणि ओढून-ताणून आणलात तर सरांचं काम वेगळंच काहीतरी होतं असं ऐकणाऱ्याला वाटेल.

या विषयात माझ्या मनात घर करून बसलेलं एक उदाहरण सांगतो. जॉन स्नो यांचं नाव आपल्या क्षेत्रात पहिल्या दिवशी कानावर पडतं. 1854 साली कॉलराच्या साथीत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचं हँडल काढायला लावणारे डॉक्टर. ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण त्यांचं खरं मोठं काम त्याच वर्षी थेम्सच्या दक्षिणेला चाललं होतं. तिथे एकाच गल्लीत शेजारशेजारच्या घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं पाणी यायचं. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल ही कंपनी नदीचं पाणी शहरातल्या घाणीच्या टापूतून उचलायची, तर लॅम्बेथ कंपनीने आपलं ठिकाण शहराच्या वर, प्रवाहाच्या उलट दिशेला हलवलं होतं. स्नो दारोदार फिरून कुठल्या घरात कुठल्या कंपनीचं पाणी येतं ते विचारत होते. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या घरांमध्ये दर 10,000 घरांमागे 315 मृत्यू झाले, दुसरीच्या घरांमध्ये 37. तो 'दर 10,000 घरांमागे' नसता, तर 315 आणि 37 या आकड्यांना काडीचा अर्थ राहिला नसता.

हेच स्नो 16 जून 1858 रोजी गेले, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. द लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांच्यावर दोन वाक्यांची बातमी छापली. क्लोरोफॉर्म आणि भूल देण्याच्या इतर औषधांवरच्या संशोधनाची डॉक्टरमंडळींनी कदर केली, असं त्यात होतं. कॉलराचा उल्लेख नाही. पंपाचा नाही, घरांचा नाही. राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देणारे डॉक्टर म्हणून ते लोकांना माहीत होते. तिथे रुग्ण होता, खाट होती, वेदना थांबलेली दिसत होती. दिसणारं तेवढं नोंदलं गेलं. त्याच साप्ताहिकाने 2013 साली, म्हणजे 155 वर्षांनी, त्या बातमीची दुरुस्ती छापली. तुम्ही जो लेख लिहायला बसला आहात, त्याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. आत्ता जे राहून जाईल ते कोणी दुरुस्त करेलच याची खात्री नसते.

आता मी दुसऱ्यांदा लिहायला बसलो तेव्हा काय केलं ते सांगतो. विशेषणं सगळी काढली आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला: मॅडमना काम करताना मी प्रत्यक्ष काय पाहिलं? 'किती महान होत्या' नाही, 'काय करत होत्या'. एक दुपार डोळ्यांपुढे आली.

आम्ही एका छोट्या आरोग्य केंद्रावर लसींची तपासणी करायला गेलो होतो. लसींच्या फ्रिजवर तापमानाचा तक्ता लावलेला होता. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, थर्मामीटर पाहून आकडा भरायचा. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. मी तक्ता पाहिला, सगळे आकडे मर्यादेत होते, मी सही करायला पेन काढलं. मॅडमनी माझा हात धरून थांबवला. तक्ता भिंतीवरून काढून खिडकीपाशी नेला आणि तिरका धरला. सगळीकडे 4, 4, 4. महिनाभर, दोन्ही वेळा. शाई एक, अक्षराचा कल एक, आणि शेवटच्या ओळींतली शाई थोडी पुसटलेली, जशी एका दमात भरभर लिहिताना पेन सुकल्यावर पुसटते तशी. "खरा फ्रिज इतका शहाणा नसतो," त्या मला हळूच म्हणाल्या.

आरोग्यसेविका बाजूला उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता नोटीस निघणार. मॅडमनी स्टूल ओढलं, तिलाही बसायला सांगितलं आणि विचारलं, "इथे वीज कधी कधी जाते ग?" त्यावर ती बोलू लागली. वीज रात्री जाते, सकाळी येते. थर्मामीटर पाच आठवड्यांपूर्वी फुटला. कळवलं असतं तर भरपाई पगारातून कापली गेली असती, आधीच्या केंद्रावर एकीची तशी कापली होती. म्हणून तिने आकडे लिहिले.

मॅडमनी फ्रिज उघडला. मागच्या भिंतीला चिकटून धनुर्वाताच्या लसीचे खोके होते. उष्णतेने लस बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं, पण धनुर्वात, घटसर्प, हेपॅटायटिस बी यांच्या लसी गोठल्या तरी निकामी होतात, आणि बाहेरून पटकन कळतही नाही. त्यांनी त्यातली एक कुपी घेतली. दुसरी तशीच कुपी मुद्दाम गोठवून, वितळवून तुलनेसाठी तयार केली. त्याला वेळ लागला, आम्ही तिथेच थांबलो. मग दोन्ही कुप्या एकदम हलवून टेबलावर शेजारी ठेवल्या आणि तिघं जण नुसते बघत बसलो. गोठून वितळलेल्या लसीत कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी लवकर बसतात. चांगल्या लसीत ढगाळपणा बराच वेळ टिकतो. त्या दिवशी फ्रिजमधल्या कुपीतला गढूळपणा मुद्दाम गोठवलेल्या कुपीइतक्याच वेगाने खाली बसला. वरचं पाणी स्वच्छ झालं. ती लस टोचली असती तर नोंदवहीत बाळाचं लसीकरण पूर्ण झालं असतं आणि बाळ मात्र उघडंच राहिलं असतं.

तो साठा बाद केला. ज्यांना त्या काळात ही लस टोचली होती त्यांची यादी काढून पुन्हा बोलावणं धाडलं. आणि परतताना मॅडमनी गाडीत बसूनच एक पानाचं टिपण लिहिलं: थर्मामीटर फुटल्याचं कळवणाऱ्याकडून भरपाई घेऊ नये, आणि प्रत्येक केंद्रावर एक जादा थर्मामीटर असावा. ते मान्य व्हायला सात महिने गेले. त्या काळात त्यांनी किती वेळा ते टिपण पुन्हा पाठवलं याच्या प्रती माझ्याकडे होत्या, मी मोजल्या: अकरा.

माझ्या दुसऱ्या लेखात एवढंच होतं. त्या दुपारचा तक्ता, दोन कुप्या आणि अकरा टिपणं. 'लाखो' हा शब्द कुठेच नव्हता. लेख छापून आल्यावर मला सगळ्यात जास्त फोन आले ते शीतसाखळी, म्हणजे कारखान्यापासून केंद्रापर्यंत लस थंड ठेवण्याची व्यवस्था, सांभाळणाऱ्या लोकांचे.

तुम्हीही सरांची अशी एक दुपार शोधा. एकच. ती मोठ्या साथीतली असायला हवी असं नाही. पाण्यातला क्लोरीन तपासताना ते टाकीपाशी थांबायचे की शेवटच्या नळापाशी जायचे? रुग्णांच्या लाइन लिस्टमध्ये, म्हणजे एकेका रुग्णाची एकेक ओळ असलेल्या यादीत, कुठला रकाना ते कधीच रिकामा राहू द्यायचे नाहीत? एखाद्या घरी लसीला नकार मिळाला तर दारात उभे राहायचे की बसायचे? अशा बारीक गोष्टींत माणूस असतो. तुम्ही त्यांच्याबरोबर प्रवास केलेला असणार. आपल्या कामात अर्धं आयुष्य गाडीत जातं आणि बहुतेक शिकवणूक तिथेच होते.

आकड्यांबद्दल जरा कडक बोलतो, कारण स्मृतिलेखांत इथेच सर्वात जास्त घसरण होते. 'त्यांच्या काळात' आणि 'त्यांच्यामुळे' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. सरांच्या काळात गोवराचे मृत्यू घटले असतील. त्यात लसीचा वाटा आहे, पोषणाचा आहे, रस्ते झाले त्याचा आहे, मुलींच्या शिक्षणाचा आहे, आणि शंभर इतर कर्मचाऱ्यांचा आहे. सरांच्या हातात जे होतं तेवढंच त्यांच्या नावावर मांडा. म्हणजे अमुक साली त्यांनी लसीकरणातून सुटलेल्या वस्त्यांची यादी बनवली, त्या यादीत इतकी घरं होती, त्यातल्या इतक्या घरांपर्यंत वर्षभरात लस पोहोचली. हे खरं आहे, तपासता येतं, आणि ऐकणाऱ्याला त्या यादीमागची पायपीट दिसते. स्नो यांच्याच बाबतीत बघा. 8 सप्टेंबर 1854 ला पंपाचं हँडल निघालं, पण साथ त्याआधीच ओसरायला लागली होती, लोक भागातून पळून गेले होते. हे स्नो यांनी स्वतः लिहून ठेवलंय. हँडलने साथ थांबवली असा दावा त्यांनी केला नाही, आणि त्यामुळे त्यांचं मोठेपण तसूभरही कमी झालेलं नाही.

चुकांबद्दल लिहावं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण लिहायला बसलात की हा प्रश्न येईलच. माझं मत: जी चूक त्यांनी स्वतः चारचौघांत सांगितली होती ती जरूर लिहा. जी सांगितली नव्हती तिला हात लावू नका. मॅडमनी एका जुलाबाच्या साथीत प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत दोन दिवस वाट पाहिली होती, विहीर बंद करायला उशीर झाला होता. प्रत्येक प्रशिक्षणात त्या हे सांगायच्या, तारखांसकट. "पुरावा पूर्ण व्हायची वाट बघणं हाही निर्णयच असतो, आणि त्याची किंमत मी दुसऱ्यांना मोजायला लावली." हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी उतरायचा, वीस वर्षांनंतरही. मी ते लेखात घेतलं तेव्हा त्यांच्या मुलीने आधी भुवया उंचावल्या होत्या. मग दोन दिवसांनी तिचाच फोन आला की ते राहू द्या, आई घरीही हेच सांगायची.

श्रेय वाटून द्यायला विसरू नका. आपल्या क्षेत्रात एकट्याने काहीच होत नाही, आणि सरांसारख्या माणसाला एकट्याचा पुतळा करून उभं करणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. 1971 साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनोबिस काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ड्रम भरले आणि ते पाणी पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. जलसंजीवनीची ताकद जगाला तिथून पटली. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती नातेवाइकांच्या हातातला पेला. डॉक्टरचं काम डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातात विश्वासाने देणं हे आपल्याकडच्या फार थोड्यांना जमतं. सरांनी कोणाच्या हातात काय सोपवलं, ते आठवून पाहा. ती नर्स, तो ड्रायव्हर, तो कीटकसर्वेक्षण करणारा कर्मचारी यांना फोन करा. अधिकाऱ्यांना नंतर करा किंवा करूच नका. शोकसभेत व्यासपीठावर बसणारे लोक सरांना बैठकांतून ओळखत असतात. त्यांना काम करताना ज्यांनी पाहिलं ते मागच्या रांगेत उभे असतात.

सरांना शेवटी काय झालं, आजारपण किती काढलं, यावर फार रेंगाळू नका. कार्लो उर्बानी यांचं उदाहरण देतो. जागतिक आरोग्य संघटनेचे हे इटालियन डॉक्टर 2003 मध्ये हनोईत होते. फेब्रुवारीच्या अखेरीस तिथल्या रुग्णालयाने एका विचित्र न्यूमोनियाच्या रुग्णासाठी त्यांना बोलावलं. हा आजार नवा आहे आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांत पसरतो आहे हे त्यांनी ओळखलं, जगाला इशारा दिला, विलगीकरणासाठी सरकारचं मन वळवलं. तो सार्स होता. 29 मार्चला त्याच आजाराने त्यांचा बँकॉकमध्ये मृत्यू झाला, वय 46. त्यांच्याबद्दल लिहिलेलं बरंचसं त्या मृत्यूपासून सुरू होतं आणि तिथेच घोटाळतं. मला मात्र त्यापुढची तारीख महत्त्वाची वाटते: 28 एप्रिल 2003. सार्सची साथ आटोक्यात आणलेला पहिला देश म्हणून त्या दिवशी व्हिएतनामचं नाव जाहीर झालं. उर्बानींबद्दल बोलायचं तर ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातल्या त्यांच्या बैठकांबद्दल बोलायला हवं. हौतात्म्याची कथा ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात हे खरं, पण त्यात माणसाचं रोजचं काम दिसेनासं होतं.

रोजच्या कामाचा कंटाळवाणेपणाही लपवू नका. सार्वजनिक आरोग्य म्हणजे नव्वद टक्के वेळ तेच तक्ते, त्याच भेटी, तीच यादी. देवीचं निर्मूलन आपण दोन ओळींत सांगतो: शेवटचा नैसर्गिक रुग्ण 1977 मध्ये सोमालियात, जग देवीमुक्त झाल्याची घोषणा 8 मे 1980 ला. या दोन तारखांच्या मधली अडीच वर्षं कोणी सांगत नाही. त्या काळात लोक गावोगाव फिरून 'नाही' गोळा करत होते. पुरळाची प्रत्येक अफवा तपासायची, नमुना पाठवायचा, देवी नाही म्हणून नोंद करायची आणि पुढच्या गावाला जायचं. काही सापडू नये म्हणून इतकं शोधणं दुसऱ्या कुठल्या कामात असेल असं मला वाटत नाही. तो शेवटचा रुग्ण अली माओ मालिन हा मेर्का शहरातल्या रुग्णालयातला आचारी होता, सुईच्या भीतीने त्याने लस टाळली होती. पुढे तो पोलिओच्या मोहिमेत घरोघर जाऊन स्वतःची गोष्ट सांगायचा आणि आईबापांना लसीसाठी राजी करायचा. 2013 मध्ये तसंच काम करत असताना मलेरियाने गेला. हे तुमच्या भाषणात घ्या असं माझं म्हणणं नाही. मला तो माणूस आवडतो म्हणून लिहिलं.

भाषण आणि लेख वेगवेगळे लिहा. भाषण सहा-सात मिनिटांच्या वर नको. तिथे ती एक दुपार सांगा आणि थांबा. पदं, पदव्या, पुरस्कार सूत्रसंचालक सांगतीलच. तुम्हाला भरून येईल त्या जागेआधी एक साधं, माहितीचं वाक्य ठेवा, म्हणजे श्वास घ्यायला वेळ मिळतो. मला हे एका वृद्ध सहकाऱ्याने शिकवलं आणि दरवेळी उपयोगी पडलं. लेखात मात्र तारखा, ठिकाणं, कामाचा क्रम नीट येऊ द्या. दहा वर्षांनी कोणी त्या भागातल्या लसीकरणाचा इतिहास शोधायला निघालं तर त्याला तुमचा लेख आधार वाटला पाहिजे. छापायला देण्याआधी एकदा घरच्यांना वाचून दाखवा. मजकूर मंजूर करून घ्यायचा म्हणून नव्हे. आपलं माणूस दिवसभर बाहेर काय करत होतं हे अशा घरांना बहुधा नीट माहीत नसतं. साथ आली की सर रात्री घरी नसायचे, एवढंच त्यांच्या वाट्याला आलेलं असतं. ते कुठे होते हे त्यांना पहिल्यांदा तुमच्याकडून कळू द्या.

आता वह्यांबद्दल. त्या टाकून देऊ नका, आणि एकट्याने घरीही ठेवू नका. आधी त्यावर वर्ष आणि आजार लिहून क्रम लावा. साथीचा आलेख, नकाशे, सरांनी समासात केलेल्या खुणा, खोडलेले आडाखे, हे सगळं शिकवायला सोन्यासारखं आहे. पहिला अंदाज कुठे चुकला आणि कुठल्या रुग्णाच्या नोंदीनंतर त्यांनी तो बदलला, हे छापील अहवालात कधीच येत नाही. ते फक्त अशा वहीत सापडतं. आपल्या संस्थेच्या ग्रंथालयाशी किंवा साथरोग विभागाशी बोलून त्या रीतसर सोपवा आणि पोच घ्या.

पण एक काळजी घ्या. या वह्यांत रुग्णांची नावं आहेत, पत्ते आहेत, कोणाला काय झालं होतं हे आहे. काही आजार असे असतात की तीस वर्षांनीही त्या घराला त्रास होऊ शकतो. लेखासोबत छापायला वहीच्या पानाचा फोटो हवा असं कोणीतरी नक्की म्हणेल. सरांचं अक्षर दिसावं ही इच्छा मला समजते. तसं पान निवडा ज्यावर फक्त आलेख किंवा आकडेमोड आहे. नावांचं पान कोणाला मोबाइलवरही पाठवू नका. वह्या कपाटात सापडल्या असं तुम्ही लिहिलंय. त्या कपाटाला कुलूप होतं का, आणि किल्ली कोणाकडे होती, तेवढं घरच्यांना विचारा. असेल, तर ते लेखात यायला हवं.